कॅम्पर गाडीला निरोप देताना: आरसीवरून तुमचं नाव उतरेपर्यंतचे कागद

ओम्नी, विंगर किंवा ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, करून वर्षानुवर्षं फिरलेली माणसं ती गाडी बहुधा ओळखीतल्याच कुणाला तरी देतात. गाडी चांगल्या हातात पडावी एवढीच इच्छा असते, म्हणून भावाची घासाघीसही फारशी होत नाही. कागदांची घाई कुणालाच नसते आणि घोळ तिथेच होतो. चावी दिली, पैसे आले, पण आरसीवर नाव तुमचंच राहिलं, तर कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. त्यातली गाडी पुढे हातोहात विकली गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मूळ मालकावरच आली. तुमचा माणूस कितीही सज्जन असो, हे टाळता येत नाही.

मुदतीचा गैरसमज सगळ्यात जास्त दिसतो. 30 दिवस ही मुदत घेणाऱ्याची आहे. विकणाऱ्याने, गाडी राज्यातच राहणार असेल तर, 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 मध्ये दोन्ही मुदती वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, पण लोक मोठा आकडा लक्षात ठेवतात आणि ‘तो करून घेईल’ म्हणून थांबतात. फॉर्म 29 ही तुमची सूचना, फॉर्म 30 वर दोघांच्या सह्या. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटच्या हाती देऊ नका, अगदी घरच्यासारखा असला तरी. गाडी जुन्या गाड्यांच्या डीलरला देत असाल तर 1 एप्रिल 2023 पासून फॉर्म 29सी आहे: डीलरच्या ताब्यात गाडी गेल्याची ऑनलाइन नोंद. डीलर अधिकृत आहे का ते विचारा आणि त्या नोंदीची पोच हातात आल्याशिवाय चावी सोडू नका.

अर्ज सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर भरायचा, फी भरायची, थकलेली चलनं आधी मिटवायची, पीयूसी आणि विमा चालू हवा. इथपर्यंत कुणी अडत नाही. अडतं ते ओटीपीपाशी, कारण जुन्या गाडीच्या नोंदीत मोबाइल नंबर एकतर नसतो किंवा कधीच बंद झालेला असतो. गिऱ्हाईक शोधायच्या आधीच तो बदलून घ्या. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही आधी बसवा. ‘आता विकायचीच आहे, कशाला खर्च?’ असं वाटणं साहजिक आहे, पण त्या प्लेटशिवाय महाराष्ट्रात ट्रान्सफरचं काम अडवलं जातं.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो. कर्ज फेडून दहा-बारा वर्षं झालेली असतात, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. त्या वेळी बँकेने एनओसी दिली, ती फाइलमध्ये पडून राहिली आणि तिची मुदत संपली. एचपी, म्हणजे आरसीवरची ही कर्जाची नोंद, कॅन्सल करायला फॉर्म 35 आणि बँकेची नवी एनओसी लागते. त्यात ती बँकच उरलेली नसेल तर? देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोद्यात विलीन झाल्या, म्हणजे त्यांच्या कर्जाची एनओसी आता बडोद्याकडून घ्यायची. शाखेत ‘आमच्याकडे रेकॉर्ड नाही’ हे उत्तर ठरलेलं. खरं तर रेकॉर्ड सांभाळणं हे बँकेचंच काम, पण हेलपाटे मात्र माणसाने घालायचे! जुना कर्ज खातेक्रमांक शोधून लेखी अर्ज द्या आणि त्याच्यावर पोच घ्या. तोंडी विनंतीला कुणी बांधील नसतं.

कॅम्परवाल्यांची खास अडचण म्हणजे बदल. आरसीवर सीट आठ आणि आत दोन सीट, एक पलंग, ओटा, पाण्याची टाकी. कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपासून वेगळा बदल करायला आरटीओची परवानगी लागते आणि बहुतेकांनी ती घेतलेली नसते. तपासणीला गाडी उभी राहिली की इन्स्पेक्टर दार उघडतो, आरसी पाहतो आणि अर्ज परत. काढलेल्या सीट कुणी माळ्यावर ठेवल्या असतील त्यांनी त्या परत बसवाव्यात, सगळ्यात सरळ मार्ग तोच. स्वतःच्या हाताने केलेला ओटा उखडायला जिवावर येतं, पण तो तसाच ठेवून गाडी दिलीत तर पुढच्या मालकाचा विमा दावाही याच मुद्द्यावर अडू शकतो. फॉर्मवर चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. फरशीवर प्लायवूड ठोकलं असेल तर त्याखाली नंबर गंजला नाही ना, ते आधीच उघडून पाहा.

गाडी राज्याबाहेर, म्हणजे गोव्याच्या कुणाला देत असाल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते आणि मुदत 45 दिवसांची. गाडी वडिलांच्या नावावर होती आणि ते गेले, तर विकण्याआधी ती वारसाच्या नावावर करावी लागते: फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची ना-हरकत. यालाही तीन महिन्यांची मुदत आहे. दुःखाच्या दिवसांत ती सहज निसटते, म्हणून घरातल्या कुणीतरी एकाने हे काम अंगावर घ्यावं.

चालण्यासारखी राहिली नसेल तर भंगारवाल्याला देऊ नका. 2021 च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या. तिथे जमा प्रमाणपत्र मिळतं. नवी गाडी घेताना त्यावर केंद्राच्या नियमानुसार खासगी गाडीला रस्ता करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देता येते आणि नोंदणी फी माफ होते. आरसी, पॅन, ओळखपत्र, रद्द केलेला चेक लागतो. कर्जाचा शेरा असेल तर इथेही अडेल. मूळ आरसी परत मिळत नाही, तेव्हा तिची झेरॉक्स आधी काढा. पडदे, मुलांनी दारावर चिकटवलेले स्टिकर, जे काही ठेवायचं असेल ते घरीच काढून घ्या. एकदा जमा केल्यावर आत जाऊन शोधता येत नाही.

नाव बदलल्यावर फास्टॅग बँकेकडून बंद करून घ्या, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जात राहील. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून तुमचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र घेतलंत तर तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीला तो लावता येतो.