गीताई की ग्रामगीता? वाचकाला नेमकं काय हवंय

विदर्भातल्या गावच्या वाचनालयात "गीता देजा" एवढीच मागणी आली तर लगेच कपाटाकडे वळू नये. आधी विचारावं, "कोणाले पायजे अन् कायले?" कारण आपल्याकडे या एका शब्दाखाली निदान चार पुस्तकं येतात: मूळ संस्कृत भगवद्गीता, विनोबांची गीताई, त्यांचीच गीता प्रवचने आणि तुकडोजी महाराजांची ग्रामगीता. त्यातही सगळ्यात जास्त गफलत होते ती गीताई आणि ग्रामगीतेत.

मागण्या ऐकताना मजा वाटते. कोणी "गावाची गीता" मागतो. ग्रामसेवक भरतीची तयारी करणारा पोरगा "ग्रामपंचायतीची गीता" म्हणतो. एखादी मुलगी "गीताईचं चरित्र" मागते, कारण मुक्ताई, जनाई यांच्या रांगेत तिनं गीताईलाही बसवलेलं असतं. यातला प्रत्येक जण अर्धं बरोबर बोलत असतो. बरेचदा तो निरोप्या असतो. पुस्तक घरच्या म्हाताऱ्या माणसाला हवं असतं आणि नाव वाटेत बदलतं. त्यामुळे हसून वाचकाला परत पाठवणं चूकच.

गीताई म्हणजे भगवद्गीतेचा मराठी समश्लोकी, म्हणजे श्लोकाला श्लोक असा, अनुवाद. विनोबांनी तो 1930-31 मध्ये केला, 1932 मध्ये तो छापून आला. अध्याय अठरा, श्लोक सातशे. आत धृतराष्ट्र, संजय, अर्जुन आणि श्रीकृष्ण बोलतात. टीका नाही, स्पष्टीकरण नाही, फक्त श्लोक. "समजून सांगणारी गीता द्या" म्हणणाऱ्याच्या हाती गीताई दिली, की दुसऱ्या दिवशी ती परत येते. त्याला गीता प्रवचने द्यावीत. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा ती बोलले आणि साने गुरुजींनी उतरवून घेतली. श्लोकांवर टिपणं हवी असतील तर गीताई-चिंतनिका.

ग्रामगीता हा अनुवाद नाही, स्वतंत्र ग्रंथ आहे. 1955 मध्ये प्रसिद्ध झालेला, ओवीबद्ध, 41 अध्यायांचा. विषय कुरुक्षेत्राचा नाही, गावाचा आहे: ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती, वैवाहिक जीवन, सण-उत्सव. नाव विसरलेल्या वाचकाला पहिला प्रश्न हाच विचारावा: "आत अर्जुन हाय का गावची साफसफाई हाय?" बहुतेक वेळा तिथेच उलगडा होतो.

"तुकारामाची गीता" ही मागणी मात्र जरा अवघड. बहुतेकदा ग्रामगीताच हवी असते, पण कधी कधी गाथाही. लक्षात असलेली ओळ म्हणायला सांगावी. शेवटी "तुका म्हणे" आलं तर देहूचे तुकाराम, सतराव्या शतकातले. "तुकड्या म्हणे" आलं तर मोझरीचे तुकडोजी, 1909 ते 1968. पण "तुकड्या म्हणे" आलं म्हणून ओळ ग्रामगीतेतलीच असेल असं नाही, ती भजनातलीही असू शकते. ओळ पुस्तकात सापडते का ते वाचकासमोरच पाहावं.

कशासाठी हवी, यावरून प्रत ठरते. प्रार्थनेसाठी गीताई मागणाऱ्याला बहुधा दुसऱ्या अध्यायातली स्थितप्रज्ञाची लक्षणं म्हणायची असतात; त्याला खिशात मावणारी छोटी प्रत पुरते. म्हाताऱ्या डोळ्यांना मात्र मोठ्या टायपाचीच द्यावी. छोटी प्रत जाड पुस्तकांच्या मागे घसरते आणि वर्षाच्या मोजणीत हरवलेली धरली जाते, म्हणून ती टेबलाच्या खणात ठेवलेली बरी. ग्रामगीता सात दिवसांच्या पारायणाला नेतात. पहिले सहा दिवस रोज सहा अध्याय आणि सातव्या दिवशी पाच, असा 41 चा हिशेब बसतो. म्हणजे आठवड्याच्या मुदतीनं दिलेली प्रत समारोपालाच परत मागायची वेळ येते. मुदत देतानाच पंधरा दिवसांची द्यावी.

मागणी कधी आली, हेही पाहावं. 11 सप्टेंबरच्या आधी शाळकरी पोरं "विनोबाची गीता" मागतात. त्या दिवशी विनोबांची जयंती असते आणि पोरांना भाषण करायचं असतं. त्यांना गीताई नको, विनोबांचं छोटं चरित्र द्यावं. 30 एप्रिलला तुकडोजी महाराजांची जयंती आणि दिवाळीआधी पुण्यतिथी. तेव्हा ग्रामगीतेला मागणी वाढते. गीता जयंती मार्गशीर्षात शुद्ध एकादशीला. त्या सुमारास मूळ संस्कृत की गीताई, हे विचारल्याशिवाय काही देऊ नये.

राहिली नोंद. दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, गीताई 294.5924 खाली, भगवद्गीतेसोबत बसते. ग्रामगीता काही ठिकाणी धर्मात, काही ठिकाणी मराठी कवितेत, म्हणजे 891.461 खाली लावलेली सापडते. आपल्या वाचनालयात काय करायचं ते एकदा ठरवावं आणि सगळ्या प्रती एकाच जागी लावाव्यात. नावांच्या यादीतही दोघी शेजारी येत नाहीत: 'गी' आधी येतो, मग 'गु', 'गो', 'गौ' संपल्यावर 'ग्रा'. 'गीता' या नोंदीखाली "पाहा: गीताई, गीता प्रवचने, ग्रामगीता" असं जाड शाईनं लिहिलेलं एक कार्ड घालावं. कर्त्याच्या कार्डांवरही हाच घोळ असतो; 'तुकडोजी महाराज', 'राष्ट्रसंत' आणि 'संत तुकडोजी' अशा तीन नावांनी केलेल्या नोंदी 'तुकडोजी महाराज' या एकाच नावाखाली आणाव्यात.