गुंगलेला उंदीर आणि बेफिकीर उंदीर

घाटात गाडी लागू नये म्हणून जी एव्होमिनची गोळी घेतात, तिच्यात प्रोमेथाझिन असतं. मनोरुग्णांना दिलं जाणारं क्लोरप्रोमाझिन हे त्याचं सख्खं चुलत भावंड. दोन्ही फिनोथायझिन कुळातली, दोन्ही फ्रान्सच्या रोन-पुलँक कंपनीत पॉल शार्पांतिए यांनी बनवलेली, आणि दोन्ही हिस्टामिनची, म्हणजे शरीरातल्या ॲलर्जी उठवणाऱ्या रसायनाची, वाट अडवणारी. क्लोरप्रोमाझिनला क्लोरीनचा एक अणू जास्त, रेणूची शेपटीही जराशी वेगळी. यातलं कुठलंही पुरेसं टोचलं की उंदीर कोपऱ्यात गप्प बसतो. नुसतं बघणारा म्हणेल, दोन्ही झोपेचीच औषधं.

औषधशास्त्रज्ञ सिमोन कूर्व्हाझिए यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांना दोर चढायला शिकवलं. आधी घंटा, मग पायाखाली विजेचा झटका. शिकलेला उंदीर घंटा ऐकताच दोरावर जातो. क्लोरप्रोमाझिन दिल्यावर घंटा वाजली तरी तो बसून राहिला. झटका लागला तेव्हा मात्र बरोबर चढला. म्हणजे पाय शाबूत, दोर कुठे आहे तेही ठाऊक. फक्त घंटेचा धाक उरला नव्हता. झटका टाळणं गेलं, झटक्यातून सुटणं राहिलं. बार्बिट्युरेटसारख्या गुंगीच्या औषधात या दोन गोष्टी साधारण एकाच मात्रेला बुडतात. प्रोमेथाझिनही गुंगीच्याच बाजूचं: उंदीर सुस्तावतो, पण घंटेपुरती अशी निवडक बेफिकिरी त्याच्यात दिसत नाही. मला विचाराल तर उंदीर किती हलला हे मोजण्यापेक्षा ही दोराची युक्ती शंभर पटींनी शहाणी.

दुसरी खूण आडव्या दांडीची. क्लोरप्रोमाझिनची मात्रा वाढवून उंदराचे पुढचे पाय दांडीवर ठेवले, तर तो तसाच अवघडून राहतो. पेंगुळलेला प्राणी सैल पडतो, हा ताठरतो.

कारण डोपामिन, मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन. क्लोरप्रोमाझिन त्याचे ग्राहक, म्हणजे पेशींवरच्या त्याला धरणाऱ्या जागा, जोरात अडवतं, प्रोमेथाझिन अगदी क्षीणपणे. १९६३ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी, या वेळी छोट्या उंदरांच्या मेंदूत, क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल या मनोरुग्णांच्याच दुसऱ्या औषधाचा परिणाम मोजला तेव्हा तुलनेला प्रोमेथाझिनच घेतलं होतं. त्या दोघांनी डोपामिनची उलाढाल वाढली, प्रोमेथाझिनने वाढली नाही.

आपल्याकडे आक्रमक झालेल्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलबरोबर प्रोमेथाझिन टोचतात. त्याने झोप येते, आणि हॅलोपेरिडॉलमुळे मान, जबडा आखडण्याचा धोकाही कमी होतो.