वुडन फ्लोअरिंग, पण त्यात लाकूड किती?

दुकानदाराने टेबलावर दोन फळ्या ठेवल्या. दोन्ही मधाळ रंगाच्या, दोन्हींवर गाठी, रेषा, सगळं जिथल्या तिथे. "हे वुडन फ्लोअरिंग. आणि हे पण वुडन फ्लोअरिंग." मग दुसरीचा भाव पहिलीच्या चौपट का, असं विचारलं तर म्हणाला, "ते इम्पोर्टेड आहे ना साहेब." पहिलीच्या खोक्यावरही परदेशी नाव होतं, ते सोडा.

खरं उत्तर फळीच्या कडेला होतं. फळी उभी धरून कड डोळ्यांजवळ आणली की पहिली आतून एकसारखी तपकिरी दिसते, दाबून बसवलेल्या पुठ्ठ्यासारखी, आणि वर कागदाएवढा पातळ थर. दुसरीच्या कडेला प्लायवूडचे आडवे-उभे पदर दिसतात आणि सगळ्यात वर खऱ्या लाकडाची पट्टी. त्या पट्टीवरची रेघ पृष्ठभागावर संपत नाही, ती कडेवरून खाली उतरते. पहिली लॅमिनेट, दुसरी इंजिनिअर्ड वुड. हॉलसाठी 'वुडन फ्लोअरिंग' बघायला निघालेल्या माणसाला हा फरक कोणी आपणहून सांगत नाही.

लॅमिनेट म्हणजे फोटो. लाकडाचा भुगा रेझिनमध्ये मिसळून, प्रचंड दाबाखाली केलेला बोर्ड (एचडीएफ), त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद, आणि त्यावर मेलामाइनचा पारदर्शक थर, ज्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. हेच ॲल्युमिनियम ऑक्साइड पॉलिशपेपरवरही वापरतात, त्यामुळे लॅमिनेटवर ओरखडा पडणं भलतंच अवघड. खोक्यावर 'बर्मा टीक' किंवा 'ओक' लिहिलेलं असतं, ते त्या फोटोचं नाव समजायचं. चित्र छापलेलं असल्यामुळे ते पुन्हा पुन्हा येतं. चार-पाच फळ्या शेजारी मांडा, तीच गाठ, तोच डोळ्याच्या आकाराचा डाग दुसऱ्या फळीवरही सापडतो.

इंजिनिअर्ड वुडमध्ये वरचा थर खराखुरा सागाचा किंवा ओकचा असतो, खाली प्लाय किंवा स्वस्त लाकडाचे पदर. गंमत म्हणजे दोघांचंही माहेर स्वीडन. कॅर्स कंपनीच्या गुस्ताफ कॅरने पदरांच्या फळीचं पेटंट १९४१मध्ये घेतलं, आणि लॅमिनेटची कल्पना १९७७मध्ये पेर्स्टॉर्प या कंपनीत निघाली. त्यातूनच पुढे पर्गो हा ब्रँड आला.

आता कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला? सरळ अख्ख्या सागवानी फळ्या घालाव्यात. आपल्याकडे वाड्यांना कडीपाट होते, कोकणातल्या घरांना माळे होते, ते टिकलेच ना! टिकले, पण त्या फळ्या वर्षानुवर्षं वाळवलेल्या जुन्या झाडांच्या होत्या, फटी पडल्या तर कोणी तक्रार करत नव्हतं, आणि वरून बादलीभर पाणी ओतून फरशी पुसायची पद्धतही नव्हती.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि त्यात ते रुंदीला फुगतं-आकसतं. लांबीला जवळजवळ नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी, आणि जुलैत कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. एवढ्या फरकात पाच इंच रुंदीच्या अखंड सागवानी फळीतली ओल सहा टक्के वाढली, तर ती जवळजवळ दीड मिलिमीटर रुंद होते. बारा फूट रुंद हॉलमध्ये अशा एकोणतीस फळ्या बसतात. कागदावरचा हिशेब चार सेंटिमीटरच्या आसपास जातो. प्रत्यक्षात खिळे आणि फटी थोडं सांभाळून घेतात, पण सागाचा हा स्वभाव तर सुधारलेला म्हणायचा, काही लाकडं याहून जास्त हलतात. पदर आडवे-उभे चिकटवले की एकाचं फुगणं दुसरा रोखून धरतो. इंजिनिअर्ड वुड एवढ्याचसाठी जन्माला आलं.

म्हणून मुंबईपेक्षा पुण्या-नागपुरात लाकडाची परीक्षा जास्त. मुंबईत हवा बारा महिने दमट, लाकूड एकदा फुगून बसलं की बऱ्यापैकी तसंच राहतं (दिवसभर एसी चालत असेल तर गोष्ट वेगळी). नागपूरला मे आणि ऑगस्ट ही जणू दोन वेगवेगळी गावं. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडे हेच उलट्या ऋतूत होतं: हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की हवा कोरडी पडते, फळ्यांत फटी दिसू लागतात, आणि उन्हाळ्यात त्या आपोआप मिटतात.

लॅमिनेटही हलतं, पण लांबी-रुंदी दोन्हीकडे, आणि अख्खी फरशी एकसंध सतरंजीसारखी. ती जमिनीला चिकटवलेली नसते. खाली दोन-तीन मिलिमीटरचा फोम, त्यावर एकमेकींत अडकवलेल्या फळ्या. सगळ्या भिंतींपासून आठ-दहा मिलिमीटर जागा सोडायची आणि वरून स्कर्टिंगने झाकायची. पुष्कळ घरांत फरशी बिघडते ती याच जागेपायी, आणि दोष मात्र मालाला लागतो. फरशी झाल्यावर सुतार येतो, टीव्ही युनिट बसवतो आणि फळीतून आरपार स्क्रू मारतो. किंवा दाराचा स्टॉपर ठोकतो. फरशी तिथे खिळली. मग पावसाळ्यात तिला पसरायचं असतं, पसरायला जागा नसते, आणि हॉलच्या मधोमध तंबूसारखा उंचवटा येतो. टीव्ही युनिट एकतर भिंतीवर टांगावं, नाहीतर आधी बसवून फरशी त्याच्या कडेपर्यंतच आणावी. इंजिनिअर्ड फळ्या अशाच तरंगत्या घातल्या तर त्यांनाही हाच नियम.

मग निवडायचं काय? "खरं लाकूड चांगलं, नकली वाईट" हा हिशेब मला पटत नाही. मी विचारेन ते एवढंच: बिघडल्यावर काय करता येईल?

लॅमिनेट सहजी बिघडत नाही, पण बिघडलं की संपलं. त्याला रंधा नाही, सँडिंग नाही, पॉलिश नाही. फोटोखाली भुसाच आहे. इंजिनिअर्ड वुड मात्र लवकर ओरखडे धरतं, सोफा सरकवला की रेघ उमटते, पण आठ-दहा वर्षांनी वरचा थर घासून नव्याने पॉलिश करता येतो. यात मोठी मेख आहे. घासायला लाकूड शिल्लक हवं. वरचा थर तीन-चार मिलिमीटर असेल तर एकदा-दोनदा सँडिंग निभतं. बाजारात मात्र ०.६ मिलिमीटर थराचंही 'इंजिनिअर्ड वुड' मिळतं. मशीन एकदा फिरलं की खालचा प्लाय वर. अशा फळीत लाकडाचे पैसे जातात, ओरखडे लाकडाचेच पडतात आणि दुरुस्ती मात्र लॅमिनेटइतकीच अशक्य. दोन्हीकडचं वाईट तेवढं पदरात. पातळ थराचं इंजिनिअर्ड घेण्यापेक्षा चांगलं लॅमिनेट घ्या, असं मी डोळे झाकून सांगेन.

कोटेशनवर 'वुडन फ्लोअरिंग, १२ एमएम' एवढंच लिहिलेलं असेल तर ते परत पाठवा. इंजिनिअर्ड असेल तर वरच्या थराचं लाकूड कोणतं आणि तो किती मिलिमीटर, हे लिहून घ्या. लॅमिनेट असेल तर एसी श्रेणी (एसी-३, एसी-४ अशी), म्हणजे घासणं सोसण्याचा दर्जा, विचारा. हे आकडे घासण्याच्या चाचणीतून येतात: नमुन्यावर पॉलिशपेपर लावलेली चाकं फिरवतात आणि किती फेऱ्यांनी छपाई उडू लागते ते मोजतात. एसी-४ला किमान ४,००० फेऱ्या सोसाव्या लागतात. घरच्या हॉलला एसी-३ पुरतं, पण पोरंबाळं आणि ये-जा जास्त असेल तर एसी-४. गोंदातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड या घातक वायूसाठी दोन्हींवर ई-१ची, म्हणजे तो कमी सुटतो याची, खूण बघावी. आणि जाडी विचारताना दाराचाही विचार करा: ८ मिमी फळी आणि २ मिमी फोम म्हणजे जुन्या टाइलवर एक सेंटिमीटर चढलं. १४ मिमी इंजिनिअर्ड घातलं तर मुख्य दार आणि सेफ्टी डोअर दोन्ही खालून तासावे लागतील.

आता पाणी. दुकानातून आणलेला लॅमिनेटचा तुकडा मी वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवला. सकाळी वरचा फोटो जसाच्या तसा चकचकीत, पण कडेचा भुसा फुगून ओठासारखा बाहेर आलेला. चार दिवस उन्हात वाळवला. कडेचा रंग परत आला, जाडी नाही आली. आधीच्या भाड्याच्या घरात बाल्कनीच्या दाराजवळ हेच झालं होतं. जुलैचा पाऊस तिरका आला, दाराखालून पाणी शिरलं, कोणी घरी नव्हतं. आठवड्याने त्या तीन फळ्यांच्या सांध्यांवर बोट फिरवलं की पायरी लागायची. मालकांनी तिथे पायपुसणं टाकून ठेवलं.

इंजिनिअर्ड वुडवर वाटीभर पाणी सांडलं आणि लगेच पुसलं तर काही होत नाही. रात्रभर राहिलं तर तिथेही काळा डाग, पदर सुटणं, फळीला पोक येणं. पाण्यात उजवं कोणीच नाही. हॉलच्या मधोमध बाल्कनीचं पाणी येण्याची भीती असेल तर एसपीसीच्या पट्ट्या बघा, त्या दगडाची भुकटी आणि प्लास्टिकच्या असतात, पाण्याला दाद देत नाहीत. तळमजला असेल तर जमिनीतल्या ओलीसाठी फोमखाली जाड प्लास्टिकचा कागद हवाच, आणि वाळवीचा बंदोबस्त आधी. वाळवीला फोटो आणि अस्सल साग यातला फरक कळत नाही, पण एचडीएफ तिला आवडीने खाता येतं.

रोजचं पाणी मात्र बादलीतून येतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना सांगितलं, "ताई, फडकं घट्ट पिळून घ्या, अगदी कोरडं वाटेल इतकं." त्या म्हणाल्या, "असं पुसलं तर पुसल्यासारखं वाटतच नाही हो." त्यांचंही बरोबर, आयुष्यभर फरशी ओली चमकेपर्यंत पुसली आहे. शेवटी मायक्रोफायबरचा चपटा मॉप आणि पाण्याची स्प्रे बाटली आणून दिली. बादली हॉलमध्ये येतच नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला. फिनाइल नको, वाफेचा मॉप तर दोन्हींवर नकोच, वाफ सांध्यात शिरते. लॅमिनेटला मेणाचं पॉलिश लावू नये, ते मुरत नाही, नुसतं चिकट होऊन धूळ धरतं. इंजिनिअर्डमध्ये लॅकर आहे की ऑइल फिनिश, हे विचारून ठेवा: लॅकर असेल तर फक्त पुसायचं, ऑइल असेल तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तेल द्यावं लागतं.

आपल्या घरातल्या काही गोष्टी कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नसतात. रांगोळी, उदाहरणार्थ. ती दगडाची पूड आहे. इंजिनिअर्ड फळीवर रांगोळी काढून संध्याकाळी केरसुणीने लोटली की लॅकरवर बारीक जाळी उमटते. पाटावर काढा किंवा दाराबाहेर. गणपतीत मखराखाली प्लास्टिक आणि त्यावर पाट, कारण अभिषेकाचं पाणी दिसत नाही, सांध्यात जातं. समईचं तेल लॅमिनेटवरून पुसलं की गेलं, ऑइल फिनिशच्या लाकडात मात्र ते मुरतं आणि गडद डाग राहतो. पेटता कापूर पडला तर उलटं: लॅमिनेटवरचा करपलेला ठिपका जन्माचा, लाकडावरचा घासून निघतो. हळदीचा डाग पडला तर घाबरू नका, उन्हाचा कवडसा येत असेल तर तो काही दिवसांत फिका पडतो. त्याच उन्हाने सागाचा रंगही बदलतो म्हणा, तेव्हा गालिचा अधूनमधून सरकवत राहा, नाहीतर तो उचलल्यावर खाली वेगळ्या रंगाचा चौकोन सापडेल.

झोपाळा असेल तर मी लॅमिनेटच घेईन. टाचेने जिथे रेटा देतो ती जागा दोन वर्षांत लाकडावर पांढुरकी दिसते, लॅमिनेटला फरक पडत नाही.

आम्ही शेवटी हॉलला एसी-४ लॅमिनेट घेतलं, कारण घरात झोपाळा आहे, कुत्रा आहे आणि आजोबांचा चहा आहे. आतल्या वाचायच्या खोलीत ४ मिमी थराचं ओक. लॅमिनेटचं एक खोकं जास्तीचं आणून माळ्यावर टाकलंय. तोच फोटो पाच वर्षांनी मिळेल याची खात्री नाही, आणि बाल्कनीचं दार अजूनही पश्चिमेलाच उघडतं.