मे महिन्यातली मनाली: खोऱ्यातलं हवामान आणि आपलं वेळापत्रक

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या कुलू-मनाली-लाहौल सहलीसाठी आपण नाव नोंदवलंत. दादरच्या ऑफिसात सध्या रोज एकच फोन येतो: "मोबाइलवर मनालीला सगळे दिवस विजा आणि पाऊस दाखवतोय, सहल होणार ना?" होणार. पण ते चित्र कसं वाचायचं आणि आम्ही तुम्हाला पहाटे का उठवतो, हे निघण्याआधीच समजलेलं बरं.

मान्सून हिमाचलात साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचतो. मे महिन्यात तिथे पडतो तो वेगळा पाऊस, आणि तोही दोन तऱ्हांचा. एक पश्चिमी चक्रावातांचा. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या कमी दाबाच्या प्रणाली हिवाळ्यात हिमाचलला बर्फ देतात. मे उजाडेपर्यंत त्यांचा जोर ओसरतो, तरी एखादा चक्रावात येतोच. मग दोन-तीन दिवस आभाळ भरून राहतं. खाली पाऊस, वर रोहतांग खिंडीत बर्फ. हवामान खातं त्याची सूचना काही दिवस आधी देतं. शिवाय दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज येतो, तो आम्ही न चुकता पाहतो.

दुसरा पाऊस आपल्या वळवासारखा. सकाळी लख्ख ऊन असतं. डोंगरउतार तापतात, हवा वर चढते, अकरा-बाराच्या सुमारास शिखरांवर ढग जमतात आणि दोन-तीन वाजता गडगडाट, वारा, कधी गारा. तास-दीड तासात बहुतेक वेळा उघडतं. वाटेत सफरचंदांच्या बागांवर पांढऱ्या जाळ्या ताणलेल्या दिसतील, त्या या गारांसाठीच. फळ तेव्हा बारीक, हिरवं असतं; गारेचा एक व्रण पडला की बाजारात त्याचा भाव पडतो.

मोबाइल या तासाभराच्या सरीसाठी अख्ख्या दिवसावर विजेचं चित्र लावतो. म्हणून तासागणिक अंदाज उघडून बघा. सकाळ कोरडी असेल तर आपला दिवस चांगला आहे. पहाटे पाचला गाडी सुटते ती यासाठी, आणि दुपारी एकपर्यंत आपण खिंडीतून खाली उतरायला लागतो. या वेळेत आम्ही कोणालाही सूट देत नाही.

थंडीचा हिशेब मात्र मनालीवरून करू नका. मनाली गावच सुमारे २,०५० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर उंच आहे. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे दोन्हींत बारा अंशांचा फरक. मनालीत पहाटे दहा अंश असले तर वर शून्याखाली, आणि वारा वेगळाच. मुंबईत घाम पुसत बॅग भरताना हे पटत नाही, तरी कानटोपी आणि हातमोजे टाकाच. छत्री वाऱ्यात उलटी होते, त्यापेक्षा रेनकोट घ्या. जीन्स भिजली की तिथे लवकर वाळत नाही. बर्फात घालायचे बूट आणि कोट वाटेत भाड्याने मिळतात, ते विकत घेण्यात पैसे घालवू नका.

रोहतांग बंद असेल त्या दिवशी आपण अटल बोगद्याने लाहौलला जातो. २०२० साली सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा पीर पंजाल रांगेखालून जातो. लाहौल या रांगेच्या पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे कधीकधी अलीकडे रिपरिप आणि पलीकडे लाहौलमधल्या सिस्सू गावाला कोरडं ऊन, असं दिसतं. आमच्या मते हा दिवस रोहतांगपेक्षा कमी नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नदी. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळतं आणि दुपारनंतर मनालीवरून वाहणाऱ्या बियासला व ओढ्यांना पाणी चढतं. सकाळी ज्या दगडावर फोटो काढला, तो संध्याकाळी पाण्याखाली असू शकतो. त्यात खालच्या बाजूला धरणं आहेत. ८ जून २०१४ रोजी थलौटजवळ लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते नदीपात्रात फोटो काढत होते. म्हणून आमच्या सहलीत कोणीही पात्रात उतरत नाही, पाणी घोट्याएवढं दिसलं तरी. मुलांना हे घरीच सांगून ठेवा, तिथे पोचल्यावर ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात.

हवामान खात्याने ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला तर खिंडीत जायचा दिवस रद्द करायचा निर्णय सहल व्यवस्थापक घेतील. वेळापत्रकात एक मोकळा दिवस याचसाठी ठेवला आहे. तो वापरूनही रोहतांग झालं नाही, तर त्या दिवसाच्या गाडीचे पैसे परत मिळतील.

दमा, रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा गुडघेदुखी असेल तर सहलपूर्व बैठकीला डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या. वर हवा विरळ असते, आणि कोणाला मनालीतच थांबवायचं हे आम्हाला निघण्याआधी ठरवावं लागतं.