ऑस्करला ‘पाठवलेला’ चित्रपट म्हणजे नामांकित चित्रपट नव्हे : पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

दर सप्टेंबरात भारताच्या वतीने ऑस्करला जाणारा चित्रपट जाहीर होतो आणि लगेच ‘अमुक चित्रपटाला ऑस्कर नामांकन’ असे मथळे झळकतात. ते नामांकन नसतं. ती असते ‘आंतरराष्ट्रीय चित्रपट’ (पूर्वीचा ‘परभाषिक चित्रपट’) या विभागासाठी देशाची अधिकृत प्रवेशिका. प्रवेशिकांमधून पंधरा चित्रपटांची लघुयादी निघते, पंधरांतून पाच नामांकनं ठरतात आणि पाचांतून एक विजेता. मराठीतून आजवर तीन चित्रपट भारताची प्रवेशिका ठरले : २००४ साली ‘श्वास’, २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि २०१५ साली ‘कोर्ट’. तिन्ही आपल्या अभिमानाचे, पण नामांकन तिघांपैकी एकालाही मिळालं नाही. या विभागात भारताच्या नावावर नामांकनं तीनच आहेत : ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’ आणि ‘लगान’.

यातलं पहिलं नामांकन नीट पाहिलं की हा विभाग कसा चालतो ते बरंचसं कळतं.

१९५८ची ती रात्र

परभाषिक चित्रपटांसाठी स्पर्धेचा विभाग सुरुवातीपासून नव्हता. १९४७ ते १९५५ या वर्षांतल्या चित्रपटांमधून अकादमी, म्हणजे ऑस्कर देणारी संस्था, एखाद्याला विशेष सन्मान देई. असे आठ सन्मान दिले गेले, त्यांत डी सिकांचा ‘बायसिकल थीव्ज’ आणि कुरोसावांचा ‘राशोमोन’ होते. १९५३च्या चित्रपटांपैकी कुणालाच तो दिला गेला नाही. या सन्मानाला नामांकनं नसायची, त्यामुळे हरलेलंही कुणी नसायचं. पाच नामांकनं आणि एक विजेता ही पद्धत १९५६च्या चित्रपटांपासून आली. त्या पहिल्या वर्षी इटलीचा, फेलिनींचा ‘ला स्त्रादा’ जिंकला आणि नामांकनात निर्मात्यांची नावं होती. पुढच्याच वर्षापासून पुरस्कार देशाच्या नावावर गेला. आजच्या नियमावलीतल्या निम्म्या अटींचं मूळ या एका बदलात आहे. चित्रपट देशाचा मानायचा, तर तो कोणत्या देशाचा हे सिद्ध करावं लागतं.

२६ मार्च १९५८ रोजी हॉलिवूडच्या आरकेओ पँटाजेस थिएटरात तिसावा सोहळा झाला. परभाषिक विभागात पाच नावं होती : इटलीचा ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’, फ्रान्सचा ‘गेट्स ऑफ पॅरिस’, पश्चिम जर्मनीचा ‘द डेव्हिल स्ट्राइक्स अॅट नाइट’, नॉर्वेचा ‘नाइन लाइव्ह्ज’ आणि भारताचा ‘मदर इंडिया’. जिंकला ‘कॅबिरिया’. म्हणजे फेलिनींचा चित्रपट सलग दुसऱ्या वर्षी विजेता ठरला.

‘मदर इंडिया’ एका मताने हरला, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. पण अकादमी मतांचे आकडे जाहीरच करत नाही. १९३०च्या दशकापासून मोजणी बाहेरची लेखापरीक्षण संस्था करते आणि लोकांपर्यंत पोचतं ते फक्त पाकिटातलं नाव. त्यामुळे ‘एक मत’ ही गोष्ट कागदोपत्री दाखवता येत नाही. महबूब खान यांच्या चित्रपटाला त्या गोष्टीची गरजही नाही. विभाग स्पर्धेचा झाल्यावर दुसऱ्याच वर्षी पहिल्या पाचांत येणं हे त्याचं खरं मोठेपण आहे.

आता पात्रता काय लागते

इथून पुढचे नियम ९८व्या पुरस्कारांचे, म्हणजे मार्च २०२६च्या सोहळ्याचे आहेत. अकादमी दर वर्षी नियमावली नव्याने काढते. तारखा सरकतात, एखादी अट बदलते. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची नियमावली अकादमीच्या संकेतस्थळावरून उतरवून मुळातून वाचा, जुन्या माहितीवर विसंबू नका.

चित्रपट चाळीस मिनिटांहून मोठा हवा आणि अमेरिकेबाहेर तयार झालेला हवा. संवादांपैकी निम्म्याहून जास्त इंग्रजीखेरीज इतर भाषांत हवेत. ती भाषा त्या देशाचीच असली पाहिजे असं आता नाही. कॅनडाने पाठवलेल्या हिंदी ‘वॉटर’ला ७९व्या पुरस्कारांत नामांकन मिळालं होतं. ‘कोर्ट’मध्ये मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषा आहेत. अनेक भाषा असायला हरकत नाही, पाहिलं जातं ते इंग्रजीचं प्रमाण. शहरी मराठी चित्रपटात पात्रं सहज इंग्रजीत बोलतात, तिथे हे प्रमाण संहितेवर अंदाजाने न धरता अंतिम संकलित प्रतीवर मोजा. या अटीवर इस्रायलचा ‘द बँड्स व्हिजिट’ २००७ साली आणि नायजेरियाचा ‘लायनहार्ट’ २०१९ साली बाद झाला. ‘लायनहार्ट’ बाद झाल्यावर टीका झाली, कारण नायजेरियाची राजभाषाच इंग्रजी आहे. पण नियम बदलला नाही. त्याच वर्षी विभागाचं नाव मात्र ‘परभाषिक’ऐवजी ‘आंतरराष्ट्रीय’ झालं होतं.

चित्रपटगृहातलं प्रदर्शन ही सर्वांत काटेकोर अट. ९८व्या पुरस्कारांसाठी १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात चित्रपट व्यावसायिक चित्रपटगृहात पहिल्यांदा लागणं आणि तिथे सलग सात दिवस चालणं आवश्यक होतं. तिकिटं विकून, नेहमीसारखी जाहिरात करून. महोत्सवातले खेळ, निमंत्रितांचे खेळ, मंडळांचे खेळ यात धरत नाहीत. मराठी निर्मात्यांची इथे खरी अडचण होते. शुक्रवारी लागलेला चित्रपट सोमवारी उतरवला, तर सात दिवस भरत नाहीत. म्हणून एका तरी पडद्यावर सात दिवसांचा खेळ वितरकाकडून लेखी ठरवून घ्यावा, तोंडी शब्दावर राहू नये.

चित्रपटगृहाआधी तो ओटीटी, दूरचित्रवाणी, डीव्हीडी किंवा विमानातल्या पडद्यावर दिसला, तर बाद. यात एक बारकावा आहे. प्रदर्शनापूर्वी अन्य माध्यमांवर दहा मिनिटं किंवा एकूण लांबीच्या दहा टक्के, यांतलं जे कमी असेल तेवढाच भाग दाखवता येतो. शंभर मिनिटांच्या चित्रपटाची साडेचार मिनिटांची दोन गाणी आणि अडीच मिनिटांचा ट्रेलर सगळे चित्रपटातल्याच दृश्यांचे असतील, तर साडेअकरा मिनिटं होतात. गाणी यूट्यूबवर चढवणाऱ्याच्या हातात हा हिशेब आधीच लिहून द्या.

शेवटची अट देशाची : कलात्मक सूत्रं प्रामुख्याने त्या देशाचे नागरिक, रहिवासी किंवा तिथे आश्रय मिळालेल्या व्यक्ती यांच्या हातात हवीत. २००७ साली तैवानने पाठवलेला ‘लस्ट, कॉशन’ याच मुद्द्यावर परत गेला. १९९२च्या चित्रपटांत तर उरुग्वेच्या ‘अ प्लेस इन द वर्ल्ड’ला नामांकन मिळालं आणि तो प्रामुख्याने अर्जेंटिनाचा आहे हे उघड झाल्यावर ते काढून घेतलं गेलं. परदेशी सहनिर्मिती असेल तर दिग्दर्शन, लेखन, छायाचित्रण, संकलन, संगीत आणि प्रमुख भूमिका कुणाकडे आहेत याचा राष्ट्रीयत्वासह तक्ता आधीच करून ठेवा. पैसा बाहेरचा असणं तेवढं अडत नाही, माणसं कोण आहेत हे अडतं.

अर्ज कुणाकडे करायचा

निर्मात्याला या विभागात थेट अकादमीकडे जाता येत नाही. एका देशाचा एकच चित्रपट, आणि तो अकादमीने मान्य केलेल्या त्या देशातल्या संस्थेनेच पाठवायचा. भारतासाठी ती संस्था म्हणजे फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया. केंद्र सरकारचं मंत्रालय किंवा राष्ट्रीय पुरस्कारांची समिती ही निवड करत नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणून ऑस्करची प्रवेशिका आपोआप मिळते, हा गैरसमजच आहे. निवड समितीत किमान निम्मे सदस्य प्रत्यक्ष चित्रपट घडवणारे कलावंत-तंत्रज्ञ असावेत, अशी अकादमीची अट आहे.

फेडरेशन निर्मात्यांकडून अर्ज मागवते. शुल्क आणि मुदत त्या वर्षीच्या सूचनेत असते. हाताशी काय असावं? सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाचे पुरावे, इंग्रजी उपशीर्षकं असलेली प्रत, निर्मात्याच्या हक्काची कागदपत्रं. सेन्सॉर प्रमाणपत्रावर खास लक्ष द्या. भारतातल्या महोत्सवात प्रमाणपत्राविना, सवलतीने चित्रपट दाखवता येतो. त्यामुळे महोत्सवांतून फिरलेल्या अनेक चित्रपटांकडे ते नसतंच. चित्रपटगृहात लावायला मात्र ते लागतंच, आणि सप्टेंबरात धावपळ सुरू केली तर प्रमाणपत्र आणि सात दिवस दोन्ही एकदम साधत नाहीत.

निवड झाल्यावर

निवड जाहीर होते तेव्हा हातात फार थोडे दिवस उरतात. २०२४ साली ‘लापता लेडीज’ची घोषणा २३ सप्टेंबरला झाली. अकादमीची मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत संपते, तीही लॉस एंजेलिसच्या घड्याळाप्रमाणे. या आठ-दहा दिवसांत ऑनलाइन अर्ज, कलाकार-तंत्रज्ञांची संपूर्ण इंग्रजी श्रेयनामावली, इंग्रजी सारांश, दिग्दर्शकाचा परिचय, चित्रपटसूची आणि छायाचित्र, चित्रपटातली स्थिरचित्रं, पोस्टर आणि प्रदर्शनाच्या जाहिरातींच्या प्रती एवढं सगळं द्यावं लागतं. वर्तमानपत्रातल्या जाहिराती त्या सात दिवसांतच कापून, तारखेसह स्कॅन करून ठेवलेल्या बऱ्या. नावांची स्पेलिंग श्रेयनामावलीत एक, अर्जात दुसरी आणि पोस्टरवर तिसरी, ही नेहमीची चूक. अर्ज भरण्याआधी सगळी नावं एका कागदावर पक्की करा आणि प्रत्येकाकडून त्याच्या नावाचं स्पेलिंग लेखी घ्या.

प्रत डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत) स्वरूपात : किमान २०४८ गुणिले १०८० रिझोल्यूशन, सेकंदाला २४ किंवा ४८ चौकटी. आपल्याकडे काही चित्रपट पंचवीस चौकटींवर चित्रित होतात. ते चोवीसवर आणताना चित्रपटाची लांबी आणि आवाजाची पट्टी दोन्ही हलतात, म्हणून हे काम आवाजाच्या तंत्रज्ञाला सोबत घेऊनच करावं. ध्वनी साधारणपणे ५.१ किंवा ७.१ चॅनलांचा असतो. मोनो (एकाच चॅनलचा) नसेल तर डावा, मधला आणि उजवा हे तीन चॅनल किमान हवेतच. नुसतं डावं-उजवं स्टिरिओ चालत नाही, आणि संवाद मधल्या चॅनलवर नसला की मोठ्या थिएटरात तो कडेच्या प्रेक्षकाला एकाच बाजूने ऐकू येतो.

उपशीर्षकांना शेवटच्या रात्रीचं काम समजू नका. मतदार चित्रपट वाचूनच समजून घेणार आहे. गाणी, पडद्यावरच्या पाट्या, पत्रातला मजकूर यांचीही उपशीर्षकं करा. ‘काका’, ‘मामा’, ‘आत्या’ या सगळ्यांचं एकच ‘अंकल-आंटी’ झालं, की घरातली नाती कळेनाशी होतात. अनुवादकाकडून फाइल आल्यावर मराठी न कळणाऱ्या दोन माणसांना चित्रपट दाखवा आणि ते कुठे अडले ते लिहून घ्या. डब केलेली प्रत चालत नाही.

मतदान आणि बाहुली कुणाची

पहिल्या फेरीत सहभागी व्हायला तयार असलेले अकादमी सदस्य ठरावीक संख्येने चित्रपट पाहून गुप्त मतदान करतात. त्यातून डिसेंबरात पंधरांची लघुयादी येते. पंधराही पाहणाऱ्यांच्या मतांतून जानेवारीत पाच नामांकनं ठरतात. ९८व्या पुरस्कारांपासून अंतिम फेरीत मत द्यायलाही त्या विभागातली पाचही नामांकनं पाहिलेली असणं बंधनकारक झालं. सदस्यांनी आपला चित्रपट पाहावा यासाठीचे खेळ, प्रसिद्धी, प्रवास हा सगळा भार निर्मात्यावर येतो. ‘श्वास’च्या वेळी त्यासाठी लोकांमधून मदत उभी करावी लागली होती. मराठी निर्मात्याने हा खर्च निर्मितीच्या अंदाजपत्रकातच धरावा.

जिंकल्यास पुरस्कार देशाचा. दिग्दर्शक तो सर्वांच्या वतीने स्वीकारतो. २०१५च्या सोहळ्यापासून बाहुलीवर देशाच्या आणि चित्रपटाच्या नावासोबत दिग्दर्शकाचंही नाव कोरलं जातं.

प्रवेशिका हुकली तर

दुसरी वाट खुली असते. इतर विभागांसाठी निर्माता स्वतः अर्ज करू शकतो. त्यासाठी लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को बे एरिया, शिकागो, डॅलस-फोर्ट वर्थ किंवा अटलांटा यांपैकी एका ठिकाणी चित्रपट सलग सात दिवस चालला पाहिजे. रोज किमान तीन खेळ, त्यांतला एक संध्याकाळी सहा ते रात्री दहाच्या दरम्यान. २०२२ साली भारताची प्रवेशिका गुजराती ‘छेल्लो शो’ होती. ‘आरआरआर’ या दुसऱ्या वाटेने गेला आणि मार्च २०२३मध्ये ‘नाटू नाटू’ला गीताचं ऑस्कर मिळालं. पण याच वाटेने अर्ज केलेल्या शेकडो चित्रपटांची एक ‘पात्र चित्रपटांची यादी’ अकादमी जाहीर करते. त्या यादीत नाव येणं म्हणजे अर्ज नियमात बसला, एवढंच. पोस्टरवर ‘ऑस्कर नामांकित’ छापायचं असेल, तर जानेवारीत जाहीर होणाऱ्या नामांकनांत आपलं नाव सापडलं पाहिजे.