गोळी तीच, डोस वेगळा

'पर्सनलाइज्ड मेडिसिन' म्हटलं की अनेकांना वाटतं, आता कंपनी आपल्या एकट्यासाठी गोळी बनवणार. तसं नसतं. बहुतेकदा गोळी तीच असते, जुनी आणि स्वस्त. बदलतो तो डोस. आणि गंमत म्हणजे माझा डोस ठरवायला दूरदेशीचे शेकडो अनोळखी रुग्ण लागतात.

मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, रोज दिलं जाणारं ६-मर्कॅप्टोप्युरिन हे असंच जुनं औषध. ज्या कामासाठी गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या शास्त्रज्ञांना १९८८च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, त्यातलंच हे एक. पेशीत गेल्यावर त्यापासून थायोग्वानिन तयार होतं. डीएनए लिहिला जातो त्या चार अक्षरांपैकी (ए, टी, जी, सी) जी म्हणजे ग्वानिन, त्याचं हे खोटं नाणं. तीन फॉस्फेट जोडलेलं असलं की पेशी ते खरं समजून डीएनएत बसवते. पुढच्या विभाजनात त्याच्यासमोर सी यायला हवा, तिथे कधी कधी टी येतो. दुरुस्ती यंत्रणा धावते, पण ती नव्या धाग्यातला टी काढते. खोटं नाणं जुन्या धाग्यात तसंच. पुन्हा टी, पुन्हा कापाकापी. या निष्फळ दुरुस्तीतच पेशी मरते. कॅन्सरची पेशी मेली तर उत्तमच, पण अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशीही मरतात आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात.

या औषधाला आवर घालणारं एक एन्झाइम, टीपीएमटी, आधीपासून माहीत होतं. युरोपीय वंशाच्या सुमारे ३०० जणांत एकामध्ये ते जवळपास नसतंच. पण आशियाई रुग्णांना होणाऱ्या त्रासाचा उलगडा त्यावरून होईना. २०१४ साली कोरियात याच कुळातली औषधं घेणाऱ्या, क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या ९७८ रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा दुसरंच नाव पुढे आलं: एनयूडीटी-१५. हे एन्झाइम खोट्या नाण्याचे दोन फॉस्फेट तोडतं, मग ते डीएनएत बसूच शकत नाही. त्यातलं १३९वं अमिनो आम्ल, आर्जिनिन, बदलून सिस्टीन झालं की एन्झाइम टिकत नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ल्युकेमियाग्रस्त मुलांत हाच बदल दिसला: जनुकाच्या दोन्ही प्रती (आईकडची आणि वडिलांकडची) बदललेल्या मुलांना ठरलेल्या डोसच्या सरासरी ८.३ टक्केच झेपत होता. मग ग्वाटेमाला, सिंगापूर आणि जपानमधली मुलं तपासली, तेव्हा याच जनुकातले आणखी बदल हाती लागले. एका देशाच्या रुग्णांवर हे चित्र पुरं झालं नसतं.

थुंकीच्या नमुन्यावरून 'तुमच्या जनुकांना मानवणारा आहार' विकणाऱ्यांचा याच्याशी काही संबंध नाही. ती जुनीच कुंडली, नव्या लिफाफ्यात.

एनयूडीटी-१५मधला हा बदल भारतीयांतही आढळतो, त्यामुळे आपल्याकडे नुसती टीपीएमटी तपासून भागत नाही. दोन्ही जनुकं व्यवस्थित असलेल्या मुलांच्या पांढऱ्या पेशीही घसरू शकतात, तेव्हा अहवाल कितीही चांगला आला तरी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, चुकवायची नाही.