आगाऊ नोंदणी आणि क्राउडफंडिंग: पैसे नेमके कशाचे?

चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्याच्या आठवणी पुण्यातल्या अनेक घरांत आजही निघतात. ती प्रतीक्षा कितीही लांबली, तरी आकुर्डीच्या कारखान्यातून स्कूटर बाहेर पडते आहे याबद्दल कोणालाही शंका नव्हती. जानेवारी २०२० मध्ये विजेवरच्या चेतकची नोंदणी पुण्यात आणि बंगळुरूत २,००० रुपयांत सुरू झाली, तेव्हाही गाडी तयार होती आणि प्रश्न होता तो आपला क्रमांक कधी लागतो एवढाच. ही झाली आगाऊ नोंदणी.

क्राउडफंडिंग म्हणजे अनेक लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवणे. त्यासाठीच्या किकस्टार्टर किंवा इंडीगोगो या संकेतस्थळांवर एखाद्या नव्या उपकरणासाठी पैसे भरताना किंमत, सवलत आणि वस्तू घरी पोहोचण्याचा महिना हे सगळे तसेच मांडलेले दिसते, म्हणून तीही नोंदणीच वाटते. प्रत्यक्षात ती वर्गणी असते: वस्तू घडवण्यासाठी दिलेली, आणि ती घडली तर तिचा एक नग आपल्याला मिळेल या बोलीवर दिलेली. आपण दुकान नाही, हे किकस्टार्टरने २०१२ मध्येच जाहीर केले होते.

किकस्टार्टरवर पैसे जमवण्याच्या मोहिमेत जास्तीत जास्त ६० दिवसांच्या मुदतीत उद्दिष्टाइतकी रक्कम जमली नाही, तर कोणाच्याही कार्डावरून पैसे वजा होत नाहीत. या सोयीमुळे लोक निर्धास्त होतात, पण ही हमी मोहीम फसली तरच कामाला येते; मोहीम यशस्वी होऊन वस्तूच फसली तर ती काहीही देत नाही. पेबल घड्याळाने २०१२ मध्ये १ लाख डॉलर मागितले आणि १ कोटीहून अधिक मिळवले, तरी सप्टेंबरला कबूल केलेली घड्याळे रवाना व्हायला पुढच्या वर्षीचा जानेवारी उजाडला. झॅनो या ब्रिटिश ड्रोनसाठी १२,००० हून अधिक लोकांनी २३ लाख पौंडांच्या वर रक्कम दिली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ती कंपनीच बुडाली.

असे का होते, ते भोसरीतल्या मोल्डिंगच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये समजते. थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या कव्हरच्या कडेवरून बोट फिरवले, तर थरांच्या बारीक रेघा जाणवतात. असा नमुना काही तासांत निघतो. तेच कव्हर हजारोंनी काढायचे तर पोलादाचा साचा लागतो, आणि प्लास्टिक थंड होताना आकसत असल्यामुळे जाड भागाच्या पाठीवर खळगा पडतो, झाकण नीट बसत नाही, मग साचा उतरवून पुन्हा दुरुस्त करावा लागतो. वर्गणीतले बरेच पैसे आणि कित्येक महिने इथेच जातात. आगाऊ नोंदणी घेणाऱ्याने हा टप्पा बहुधा आधीच स्वतःच्या खर्चाने ओलांडलेला असतो.

नोंदणीत विक्रेत्याने फसवले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते आणि १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. क्राउडफंडिंगमध्ये आपला करार बहुधा परदेशातल्या निर्मात्याशी असतो आणि मंच वस्तूची जबाबदारी घेत नाही. पैसे दिले म्हणून कंपनीत हिस्साही मिळत नाही. संकेतस्थळांवरून लोकांना असे समभाग विकणाऱ्या अनधिकृत मंचांपासून सावध राहण्याचा इशारा सेबीने २०१६ मध्ये दिला होता.

म्हणूनच मोहिमेच्या पानावर मी सवलतीचा आकडा बघण्याआधी साच्यातून निघालेल्या चाचणीच्या तुकड्यांचे फोटो शोधतो. नुसता गुळगुळीत, चकचकीत नमुना दिसला, तर ती वर्गणी आहे असे धरूनच रक्कम ठरवतो.